आडाळो डुगडुगतो तेव्हा

पाऊस ओसरून हवा कोरडी व्हायला लागली की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या स्वयंपाकघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: आडाळो हलायला लागलाय. घाटावर जिला विळी म्हणतात, तो हा मालवणी आडाळो. चवथीला मोदकांच्या सारणासाठी नारळ खवताना तो घट्ट होता आणि दिवाळीच्या फराळाला बसल्यावर मात्र डुगडुगतो. यात दोष ना लोखंडाचा, ना बसणारीचा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या ओलीत पाटाचं लाकूड फुगतं, खाचेच्या कडा पात्याच्या दांड्यावर दाबल्या जातात आणि चेमटतात. ओल गेली की लाकूड आकसतं, पण चेमटलेला भाग पूर्वीसारखा होत नाही. खाच सैल पडते.

आडाळ्याचे भाग तीन: लाकडी पाट, वर वळलेलं पातं आणि पात्याच्या टोकाची दातेरी खवणी. तिघांची झीज तीन वेगवेगळ्या गतींनी होते. खवणीचे दात आधी बोथट होतात. पात्याची धार वरचेवर जाते, पण पातं झिजून बारीक व्हायला वर्षानुवर्षं लागतात. पाट तर वाळवी लागली नाही, तर आणखी टिकतो. जुना आडाळो पिढ्यान्‌पिढ्या चालला, तो म्हणूनच. त्याचा एकेक भाग सुटा करता येत असे. पाट सुताराचा, पातं लोहाराचं, आणि दोघांना जोडणारी साधी पाचर.

पाचर

सैल आडाळ्यात खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. खिळा रेषा उलगडतो आणि पाट चिरतो. वाळलेल्या बांबूची किंवा कठीण लाकडाची पाचर हवी, आणि तिचा दाब पाटाच्या लांबीच्या दिशेने पडायला हवा. आडवा दाब पडला की लाकूड रेषेवर उकलतं. पाचर कोरड्या दिवसांतच बसवावी. भर पावसात घट्ट बसवलेली पाचर कार्तिकात पुन्हा सुटते.

पाट चिरलाच असेल, तर खालून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवतात. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावं लागतं. नवा पाट करायचा, तर कोकणात फणसाचं लाकूड सहज मिळतं आणि वाळवीलाही ते बऱ्यापैकी तोंड देतं. सुताराला जुना पाट नेऊन दाखवावा. पाटाची जाडी आणि खाचेचा कोन बदलला की पात्याची उंची बदलते. रोज त्यावर बसणारीच्या मनगटाला आणि कमरेला तो फरक लगेच कळतो.

दात

खवणीची झीज मधल्या दातांवर जास्त होते, कारण वाटीच्या गोलाईला तेच सर्वांत जास्त घासतात. करवंटीपर्यंत खवत नेण्याची सवय दात आणखी लवकर घालवते. तिकोनी कानशीने दोन दातांमधली खाच एकेक करून खोल करता येते. कानस एकाच दिशेने चालवायची आणि सगळ्या दातांचं टोक एका रेषेत ठेवायचं. एखादा दात उंच राहिला तर तोच खोबऱ्यात रुततो आणि बाकीचे नुसते फिरतात.

दात पार संपले तर काम लोहारसाळेत न्यावं लागतं. लोहार टोक तापवून पातळ करतो, पसरवतो आणि छिन्नीने नवे दात पाडतो. अखंड पोलादातून घडवलेल्या खवणीला हे पुन्हा पुन्हा करता येतं. वेल्डिंगने चिकटवलेली खवणी मात्र मानेजवळ तुटते, विशेषतः तिच्या टोकाने कोणी खोबरं उचकटायला गेलं तर. पुन्हा वेल्डिंग करायचंच असेल, तर शेजारच्या धारेवर ओलं फडकं गुंडाळायला सांगावं. नाहीतर त्या उष्णतेने धारेचं पाणी उतरतं.

पाणी

धारेला पाणी पाजणं हा सगळ्या दुरुस्तीतला नाजूक भाग. गावठी पात्यासाठी ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांचं पोलाद सर्रास वापरतात. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, म्हणून ते कठीण होऊ शकतं. पातं लालबुंद तापवलं की ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडं वर नेऊन ते तेलात किंवा पाण्यात बुडवतात. अशा वेळी ते काचेइतकं ठिसूळ असतं. म्हणून पुन्हा हलकं तापवायचं आणि घासून चकचकीत केलेल्या पट्टीवर रंग पाहायचा: गव्हाळ पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. पिवळ्याला थांबलं तर धार टिकते, निळ्यापर्यंत गेलं तर पातं लवचीक होतं पण धार मऊ पडते. ‘पाणी बरा बसला तरच धार रवतली’ हे मालवणीतलं म्हणणं या रंगांवर उभं आहे. दारावर येणाऱ्या चाकावर धार लावताना पात्याची कडा निळी पडली, तर तेवढ्या भागाचं पाणी गेलं असं समजावं.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे पोलाद लवकर गंजतं. कैरी किंवा चिंचेचा रस लागला की काळवंडतं. काम झाल्यावर धुऊन, कोरडं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवणं एवढाच त्यावर उपाय आहे.

स्टेनलेसचा अडसर

गंज नको म्हणून घराघरांत स्टेनलेस स्टीलची घडीची विळी आली. गंजाचा प्रश्न बराचसा सुटला, दुरुस्तीचा मात्र अडला. असं पातं कठीण करायला हजार अंशांच्या आसपास नेमकं तापमान लागतं. गावच्या भट्टीत ते राखणं अवघड, म्हणून लोहार ते हातात घेत नाही. सांधा रिव्हेटचा असतो. तो झिजला की पातं लडबडतं आणि विळी भंगारात जाते. खरं तर रिव्हेट कापून तिथे बोल्ट, वॉशर आणि दोन नट बसवले तर ती पुन्हा घट्ट होते. मात्र बोल्टही स्टेनलेसचाच हवा. खाऱ्या हवेत मोठ्या स्टेनलेस पात्याला टेकलेला छोटा लोखंडी बोल्ट एकट्याने राहिला असता त्याहून जास्त वेगाने गंजतो.

बसून खवण्याची ही अवजारं नारळाच्या साऱ्या प्रदेशांत आहेत. केरळात चिरवा आहे. थायलंडमध्ये त्याला ससा म्हणतात आणि बैठक अनेकदा सशाच्याच आकाराची करतात. तिथेही मांडणी अशीच: लाकडी बैठक आणि तिच्यातून बाहेर आलेलं दातेरी लोखंड.

दुरुस्ती मागे पडली त्याला व्यवहारही कारण आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचं वर्णन आहे. ते घाटावरचं असलं, तरी त्यातलं एक गणित इथेही लागू पडतं. वर्षाचं धान्य ठरलेलं असेल, तर पातं वारंवार परत न येण्यातच लोहाराचा फायदा. आता मजुरी कामागणिक द्यावी लागते आणि कारखान्याची विळी स्वस्त पडते. तेव्हा नवी घेणं शहाणपणाचं वाटतं, आणि साळेत येणारं काम कमी झालं की साळच बंद होते.

म्हणून जत्रेत किंवा बाजारात आडाळो घेताना धार शेवटी पाहावी. आधी उलटा करून सांधा पाहावा: पाचर आहे, बोल्ट आहे की रिव्हेट? खवणी पात्यातूनच घडवली आहे की चिकटवली आहे? दुकानदाराला विचारावं, याचा पाट वेगळा करता येतो का. उत्तर नकारार्थी असेल, तर तो आडाळो पहिला भाग झिजेपर्यंतच आपला, हे घेतानाच कळून चुकतं.