गृहपाठ कुणाचा?

आई-बापांनी मुलांच्या गृहपाठात किती हात घालावा, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. त्याची चर्चा व्याख्यानमालेत ती काय करायची, असेही कुणी म्हणेल. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर घरातील खोल्यांवर, आईच्या कामाच्या वेळेवर आणि बापाच्या शिक्षणावर ठरते, तो प्रश्न घरगुती राहात नाही. तो सामाजिक होतो. आम्ही काही शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. मोंढ्यातील हमाल, जिनिंगमधले कामगार आणि बांधकामावरचे मजूर यांच्यात वावरलेली, आणि जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर रात्री वाचलेली आम्ही माणसे. म्हणून कामगार जसा सवाल करील तसाच आम्ही करतो : काम किती, ते करायचे कुणी, आणि त्याचे फळ कुणाच्या पदरात पडते?

परभणीला हा प्रश्न तसा जुना नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. घरी मराठी आणि वरच्या वर्गांत उर्दू अशी मुलाची ओढाताण होई. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आमच्या आजोबांच्या पिढीत कष्टकऱ्याच्या घरात शाळेचे तोंड पाहिलेला माणूस विरळा. मुलाला मदत करणे म्हणजे शाळेच्या वेळी त्याला ढोरांमागे न पाठवणे, एवढाच तिचा अर्थ होता. आणि ती मदतही लहान नव्हती. पुढे शाळा वाढल्या. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. २००९ साली सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शंभरांपैकी साक्षर निघाले ते सुमारे त्र्याहत्तर. म्हणजे आज एकाच बाकावर दोन लेकरे बसतात. एकाचे आई-बाप पदवीधर, दुसऱ्याचे अंगठा उठवणारे. गृहपाठ मात्र दोघांना एकच.

मग काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळेतून 'प्रकल्प' सांगितला जातो. एका घरी बाप थर्माकोल कापतो, आई सुबक अक्षरात मथळे काढते, आणि मूल शेजारी बसून डिंकाची बाटली धरते. दुसऱ्या घरी आई धुण्याभांड्याची कामे उरकून रात्री आठला परतते. मूल आपल्या परीने काहीतरी वेडेवाकडे चिकटवून नेते. दुसऱ्या दिवशी पहिल्याला शाबासकी आणि दुसऱ्याला बोलणी. मोंढ्यातल्या कोणत्याही तोलाऱ्याला विचारा : बारदान्याचे वजन वजा केल्याशिवाय मालाचे वजन कळत नाही. गृहपाठ तपासताना आपण मुलाचे वजन करतो असे समजतो, आणि प्रत्यक्षात बारदान्यासकट सगळे घर काट्यावर ठेवलेले असते. गरीब मुलाला त्याच्या आळसाबद्दल नव्हे, तर त्याच्या घराबद्दल कमी गुण मिळतात, आणि ते मूल मात्र आपणच 'ढ' आहोत असे मनात धरून बसते. या प्रश्नातील खरी हानी ती हीच.

परंतु सुखवस्तू घरातील मुलाचा तरी यात फायदा होतो काय? आमच्या मते होत नाही. चुकलेले गणित हा मुलाकडून शिक्षकाला जाणारा निरोप असतो : 'मला हातच्याची वजाबाकी अजून उमगलेली नाही.' घरी बापाने ते गणित दुरुस्त केले की निरोप वाटेतच फाडला जातो. वही निर्मळ दिसते, शिक्षक पुढच्या धड्याला जातात, आणि मूल मागच्याच धड्यात अडकून राहते. प्रत्येक मुलाला किती येते ते पाहावे आणि ज्याला गरज आहे त्याला जादा शिकवावे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून २००९ च्या कायद्याने लिहून ठेवले आहे. आपण घरी चुका झाकल्या तर ते कर्तव्य बजावायला शिक्षकाच्या हाती राहते काय?

याचा अर्थ आई-बापांनी हात बांधून बसावे असा मुळीच नव्हे. बांधकामावर स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात. काँक्रीट ओले असते तोवर सगळा भार त्या फळ्या आणि बल्ल्या उचलतात. सेंट्रिंग वेळेआधी काढले तर स्लॅब कोसळतो. आणि कधीच काढले नाही तर त्या खोलीत कुणाला राहता येत नाही. मदतीचे तंत्र नेमके हेच आहे. १९३४ साली निवर्तलेले रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की यांनी असा विचार मांडला की मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करते ते उद्या त्याला एकट्याने करता येते, आणि शिकवण्याची खरी जागा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात असते. पुढे १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी अशा मदतीला बांधकामावरच्या परांचीचीच उपमा दिली. म्हणून मदत करताना प्रश्न एकच विचारावा : या मदतीने उद्या माझी गरज कमी होणार की वाढणार? पहिले उदाहरण सोडवून दाखवा, दुसरे दोघे मिळून करा, तिसऱ्याला आपला हात मागे घ्या. पेन्सिल मात्र सदैव मुलाच्याच हातात असावी.

या बाबतीत रामजी सकपाळ यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. फौजेतल्या शाळेत शिकवलेला हा सुभेदार. मुले लहान असताना त्यांनी स्वतः त्यांचा अभ्यास घेतला. पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत सारे बिऱ्हाड राहू लागले, तेव्हा मुलाला अभ्यासाला ना जागा, ना शांतता. रामजी भीमरावाला संध्याकाळी लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून दिव्यापाशी बसवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण पाठ टेकीत. मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने पैसे मागितले. मूल लहान होते तेव्हा बापाने धडा दिला. ते मोठे झाले तेव्हा वेळ, जागा, उजेड आणि पुस्तक दिले. ज्याला आपण सेंट्रिंग काढणे म्हणतो, ते हेच.

'पण आम्हांला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय मदत करणार?' असे पुष्कळ माता-पिते आम्हांला विचारतात. त्यांना आमचे सांगणे आहे की तुमच्याजवळ एक साधन आहे, आणि ते पदवीधराजवळ असतेच असे नाही. मुलाला पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, 'बाळा, आज शाळेत काय सांगितलं ते मला समजंल असं सांग.' न समजल्यास पुन्हा विचारा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या ध्यानात तो आठवड्यानंतर अधिक राहिला. आठवण ही विहिरीसारखी आहे. उपसल्याने तिचा झरा मोकळा होतो. भाकरी थापताना मुलाचा धडा ऐकणारी आई त्याच्याकडून हा उपसाच करवून घेत असते. तिच्या अडाणीपणाचीही इथे अडचण होत नाही. तिला कळावे म्हणून मुलाला धडा स्वतःच्या शब्दांत मांडावाच लागतो.

आता कामाच्या तासांकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि चौदा वर्षे पुरी झालेल्या परंतु पंधरा न भरलेल्या मुलाला दिवसाला साडेचार तासांहून अधिक काम देऊ नये असे ठरवले. शिकणे म्हणजे मजुरी नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि शाळेचे सहा तास, शिकवणीचे दोन आणि गृहपाठाचे दोन अशी बेरीज केली तर दहा-बारा वर्षांचे लेकरू गिरणीतल्या बापापेक्षा अधिक राबते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर-धोरणात गृहपाठाचे माप दिले आहे : दुसरीपर्यंत मुळीच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला फार तर एक तास, त्यापुढे दिवसाला दोन तास. हॅरिस कूपर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००६ साली अमेरिकेतील पुष्कळशा अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातही प्राथमिक वर्गांत गृहपाठाचा आणि परीक्षेतील यशाचा संबंध फार थोडा, माध्यमिक वर्गांत बराच अधिक आढळला. तेव्हा पहिलीतल्या मुलाला रात्री दहापर्यंत वहीवर बसवून आपण त्याचे कोणते कल्याण साधतो, याचा विचार व्हावा.

शेवटी, ज्या घरी मदतीला माणूसच नाही त्याचे काय? गंगाखेड, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लेकरू आजीजवळ राहते, हंगामी वसतिगृहात राहते, नाहीतर कोयत्याबरोबर फडात जाते. त्याला 'घरून करून आण' म्हणणे म्हणजे भूमिहीनाला 'आपल्या रानातून घेऊन ये' म्हणण्यासारखे आहे. इथे एकेका बापाने झटून भागणार नाही, चौघांनी मिळून करावे लागेल. सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. या बैठकांना आपण किती जण जातो? तिथे मागणी करा की गृहपाठ ठरल्या मापाने द्यावा, विकत आणावे लागणारे प्रकल्प बंद करावेत, आणि सरावाचा निम्मा भाग शाळेतच करून घ्यावा. मोहल्ल्यातील समाजमंदिर, वाचनालय, संघटनेची कचेरी संध्याकाळी दोन तास मुलांसाठी उघडी राहिली तर एक दिवा आणि एक सतरंजी एवढ्या भांडवलावर वीस घरांची उणीव भरून निघेल. कॉलेजात जाणारा गल्लीतला मुलगा तिथे बसला तर सोन्याहून पिवळे.

गृहपाठ मुलाचा आहे. तो त्यानेच करावा, आणि चुकला तर चुकलेलाच शाळेत न्यावा. वेळ, जागा, उजेड आणि ऐकणारा कान पुरवणे हे आई-बापांचे काम. चूक कशी झाली ते शोधून शिकवणे हे शाळेचे काम. आणि ज्याच्या घरी यातले काहीच नाही त्याला ते मिळवून देणे, हे इथे जमलेल्या आपणा सर्वांचे काम आहे. शाळा पुन्हा उघडायला अजून अवकाश आहे. तोवर आपापल्या गल्लीत एखादी खोली पाहून ठेवावी, एवढीच विनंती.