'फॅदम'चा थांग

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना एक गोष्ट पुरती ठाऊक असते. विद्यार्थ्याच्या चुकीचे मूळ पुष्कळदा शिक्षकाच्याच शिकवणीत सापडते. 'मी कालचा धडा फॅदम केला' अशा अर्थाचे वाक्य एका मुलाने एकदा इंग्रजीत लिहिले होते. मी त्यावर तांबड्या शाईने फुली मारली. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "सर, फॅदम म्हणजे समजणे, असेच आपण सांगितले होते ना?" शब्दार्थ मीच फळ्यावर लिहून दिला होता. त्या दिवशी मी निरुत्तर झालो.

फॅदम हे मुळात क्रियापद नव्हे, नाम होय. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले बाहू, मिठी, कव असा होता. दोन्ही हात फाकले असता एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जे अंतर होते, तेही फॅदमच; पुढे ते सहा फूट असे ठरले. हे माप आपल्याला परके नाही. अमरकोशात त्याला 'व्याम' म्हटले आहे आणि मराठीत 'वाव'. विहीर परसाने आणि दोर वावेने मोजणाऱ्या पिढ्या आपल्याकडेही होऊन गेल्या.

मिठीचा शब्द समजुतीपर्यंत पोहोचला तो समुद्रमार्गे. जहाजावरचा खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडी आणि खोली फॅदममध्ये ओरडून सांगे. वजनाच्या बुडाशी खोबण असे. तिच्यात चरबी भरली, की तळाची वाळू, शिंपले वा चिखल तिला चिकटून वर येई. म्हणजे नुसती खोली कळत नसे, तळ कसा आहे तेही कळे. दोरीवर ठरावीक फॅदमनाच खुणा असत. पाणी खुणेला लागले की आरोळी वेगळी, दोन खुणांमधले असले की वेगळी. ठाम काय आणि अंदाजाचे काय, हे ऐकणाऱ्याला तत्काळ उमगे. मिसिसिपी नदीवर आगबोट चालवणाऱ्या सॅम्युएल क्लेमेन्स यांनी अशाच एका आरोळीवरून 'मार्क ट्वेन', म्हणजे दोन फॅदम पाणी, हे टोपणनाव घेतले. 1875 साली 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने पॅसिफिक महासागरात 4,475 फॅदम खोली मोजली. ती आठ किलोमीटरांहून अधिक भरते.

ही दोरी डोळ्यांपुढे आली, म्हणजे शब्दाचा उपयोग आपोआप कळू लागतो. गणित सुटले, सूचना समजली, धडा कळला, तेथे फॅदमचे काम नाही. ज्याचा तळ दिसत नाही त्यालाच तो शब्द शोभतो: माणसाचा हेतू, त्याचे मौन, एखाद्याचे आकस्मिक वर्तन. शिवाय तो बहुधा नकारातच येतो. त्याने असे का केले हे मला फॅदम करता येत नाही, असे इंग्रज म्हणतो. आपणही त्याच्या मनाचा थांग लागत नाही असे म्हणतो. मला धड्याचा थांग लागला, असे कोणी म्हणत नाही. थांगावरून आपण 'अथांग' घडवला, इंग्रजांनी फॅदमवरून 'अनफॅदमेबल'. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, समजुतीसाठी पाण्याचीच उपमा निवडावी, हे नवल खरे.

मग मी फळ्यावर 'समजणे' का लिहिले? तेच सोपे होते म्हणून. गाइडांतून आणि शब्दसूचींतून कळणे, उमजणे, आकलन, थांग या सर्वांना एकच प्रतिशब्द मिळतो आणि विद्यार्थी इंग्रजी शब्द तर गमावतोच, आपल्या मराठी शब्दांतले अंतरही विसरतो. तास संपताना आपण "समजले का?" असे विचारतो आणि वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो. दोरी तळाला लागली नाही, असे सांगणे खलाशाला कमीपणाचे नव्हते; उलट, न लागता लागली म्हणणे हाच जहाज बुडवणारा गुन्हा होता. आपल्या वर्गात मात्र "नाही समजले" म्हणणाऱ्याला खाली मान घालावी लागते.

त्या वाक्यावरची फुली मी आजही खोडणार नाही. वाक्य चूकच होते. परंतु फुलीशेजारी 'थांग' एवढा एकच शब्द लिहिला असता, तर तो मुलगा माझ्याकडे प्रश्न घेऊन आलाच नसता.