टायरच्या कडेवरचा डोंगर

कॅनडात नव्याने राहायला गेलेल्यांना ‘ऑल-सीझन’ या शब्दाचा मोठा आधार वाटतो. टायर बाराही महिने चालणार, मग वेगळा खर्च कशाला? पण प्रश्न बर्फापेक्षा रबराचा आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर ताठर होऊ लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड घटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात.

म्हणून आधी टायरची कड पाहा. ‘एम प्लस एस’ ही अक्षरं केवळ खाचांच्या रचनेवरून मिळतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह मात्र दाबलेल्या बर्फावर चाचणी झाल्यावरच. ते असलेले ‘ऑल-वेदर’ टायर वर्षभर ठेवता येतात; क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात, तिथेही ते चालतात. सौम्य हिवाळ्याच्या शहरात मी तेच सुचवेन. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यांवर रोज जायचं असेल, तर खास हिवाळी टायरच घ्या.

आणि चारही चाकांना एकसारखेच लावा. फक्त पुढे लावले, तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरते.