मिठाच्या कणाहून हलकी, मेंदूवर भारी

1930च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणींचे चार टन बीजांडकोश गोळा केले. त्यातून इस्ट्राडायोल हे स्त्री-हार्मोन हाती लागलं फक्त 12 मिलिग्रॅम. त्याच दशकात जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांना प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन 20 मिलिग्रॅम मिळवायला 50,000 डुकरिणींचे बीजांडकोश लागले. त्याआधी पोलिसांच्या 15,000 लिटर लघवीतून त्यांना अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन मिळालं होतं, तेही 15 मिलिग्रॅमच. एवढा खटाटोप करावा लागला, कारण शरीर ही रसायनं बनवतंच अगदी नाममात्र.

रक्तातलं इस्ट्राडायोल पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. पाळी चालू असताना बाईच्या एका मिलिलिटर रक्तात साधारण 50 पिकोग्रॅम इस्ट्राडायोल असतं, बीज सुटण्याच्या सुमारास 300च्या आसपास. त्या दिवशीचं तिच्या रक्तातलं सगळं इस्ट्राडायोल एकत्र केलं, तरी ते जेमतेम एक-दीड मायक्रोग्रॅम भरतं. मिठाच्या एका कणाएवढं वजन व्हायला अशा डझनावारी बायकांचं इस्ट्राडायोल लागेल.

आता वजन सोडून रेणू मोजू. एका पिकोग्रॅममध्ये इस्ट्राडायोलचे सुमारे 220 कोटी रेणू असतात. म्हणजे बीज सुटताना एका मिलिलिटर रक्तात 66,000 कोटी! माणसाच्या मेंदूत चेतापेशी आहेत सुमारे 8,600 कोटी. हे रेणू मेंदूपर्यंत सहज पोचतात, चेतापेशींत शिरतात आणि कोणती जनुकं कामाला लागतील ते बदलतात. 1990 साली कॅथरिन वूली आणि ब्रूस मॅक्इवेन यांच्या गटाने दाखवलं, की उंदरांच्या मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात स्मृतीशी निगडित भागातल्या चेतापेशींवरचे जोडणीचे काटे सुमारे 30 टक्क्यांनी कमी-जास्त होतात.

याहून मोठी उलथापालथ गरोदरपणात होते. शेवटच्या महिन्यांत इस्ट्राडायोल मिलिलिटरमागे 15,000 पिकोग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे सुरुवातीच्या 50च्या तीनशेपट. ते मुख्यतः वारेतून येतं. बाळंतपणात वार पडली की हा झराच आटतो आणि नऊ महिने चढत गेलेली पातळी काही दिवसांत खाली येते. प्रोजेस्टेरॉनचंही तेच होतं. त्यापासून मेंदूला शांत ठेवणारा एक पदार्थ तयार होत असतो, तोही एकदम कमी पडतो.

ही घसरण सगळ्याच बाळंतिणींच्या वाट्याला येते, मग मन काहींचंच का खचतं? 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 16 स्त्रियांना आठ आठवडे हार्मोन देऊन ते अचानक बंद केलं. त्यातल्या आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं, आठ जणींना नव्हतं. पहिल्या गटात पाच जणींचं मन पुन्हा ढासळलं, दुसऱ्या गटात एकीचंही नाही. हार्मोनचा चढउतार दोन्ही गटांत सारखाच होता. फरक मेंदूच्या संवेदनशीलतेत होता.

हार्मोन मनावर असा परिणाम करतात, म्हणून माणसाचे निर्णयही तेच ठरवतात का? याबाबतीत मात्र आकड्यांनी आपल्याला सावध केलं आहे. 2008 साली लंडनच्या 17 पुरुष शेअर-व्यापाऱ्यांच्या अभ्यासात, सकाळी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त असलेल्या दिवशी नफाही जास्त दिसला. त्यावरून बरीच हवा झाली. पण 2009 साली पाळी गेलेल्या 200 स्त्रियांना चार आठवडे इस्ट्रोजेन (इस्ट्राडायोल याच गटातलं), टेस्टोस्टेरॉन किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिलं, तेव्हा जोखीम, विश्वास किंवा औदार्य यांत फरक आढळला नाही. पुढे सुमारे 1,000 पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचा एक डोस देऊन झालेल्या चाचणीतही तसा परिणाम सापडला नाही. त्यामुळे कुणाच्याही निर्णयाकडे बोट दाखवून ‘हार्मोनमुळे’ म्हणणं अन्यायाचं आहे, मग निर्णय बाईचा असो की पुरुषाचा.

बाळंतिणीचं दुःख मात्र खरं आहे आणि ते थोडक्या जणींचं नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या 38 अभ्यासांच्या आढाव्यात 22 टक्के बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळलं. आपल्या देशात वर्षाला सुमारे 2.3 कोटी बाळं जन्मतात. या हिशोबाने ही संख्या 50 लाखांच्या घरात जाते. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, तर ‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील’ असं सांगून तिला गप्प बसवू नका. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिला डॉक्टरांकडे न्या, किंवा आजच 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा.