एका छपराखालची भावकी

मोबाइलच्या काचेवर चिकटवायच्या पापुद्र्याला आपण ‘स्क्रीन प्रोटेक्टर’ म्हणतो. या शब्दाच्या मूळ अर्थाला इतका जागणारा वापर शोधून सापडायचा नाही. लॅटिनमध्ये ‘टेगेरे’ म्हणजे झाकणे, ‘प्रो’ म्हणजे पुढे. पुढ्यात काहीतरी आच्छादन धरायचे, हेच प्रोटेक्ट. वार परतवणे, झुंजणे वगैरे त्यात काहीच नाही. ते काम ‘डिफेंड’चे, कारण त्याच्या पोटात ठोसा मारण्याचा धातू आहे.

इंग्रजीत आधी आले ‘प्रोटेक्शन’ आणि ‘प्रोटेक्टर’. क्रियापद मागाहून, सोळाव्या शतकात रुळले. पण खरी मौज आहे ती या झाकण्याच्या भावकीत. रोमनांच्या कौलाला म्हणत ‘टेगुला’. त्याचेच झिजून इंग्रजी ‘टाइल’ झाले. (मराठीत कौल घरावरही असते आणि रयतेला अभय द्यायला कौलही देत. तो दुसरा कौल अरबीतून आलेला, त्यामुळे हा निव्वळ योगायोग. पण काय योगायोग!) अंग झाकणारा ‘टोगा’ याच घरातला. झाकलेले उघडणे ते ‘डिटेक्ट’, म्हणजे डिटेक्टिव्ह हा मुळात झाकण काढणारा गडी. जहाजाचा ‘डेक’ आणि गवताने शाकारलेले ‘थॅच’ छप्पर ही उत्तर युरोपातली चुलत भावंडे. मार्गारेट थॅचर यांचे आडनाव म्हणजे सरळसरळ छप्पर शाकारणारा.

ग्रीकमध्ये छपराला ‘स्टेगोस’ म्हणतात. 1877 साली ऑथनिएल मार्श या अमेरिकी शास्त्रज्ञाने कोलोरॅडोत सापडलेल्या एका डायनोसॉरचे नाव ठेवले स्टेगोसॉरस, छपरवाला सरडा. सांगाड्याबरोबर हाडांच्या मोठाल्या चकत्या मिळाल्या होत्या. त्या पाठीवर कौलांसारख्या आडव्या पसरलेल्या असणार, असा त्याचा तर्क. पुढे कळले की त्या उभ्या होत्या, पाठीच्या कण्यालगत दोन ओळींत. छप्पर उडाले, नाव राहिले!

आता आपल्या बाजूला या. संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. बरेच भाषाभ्यासक हा धातू याच भावकीत बसवतात. त्यातला ‘थ’ नियमात बसत नाही म्हणून काहीजण साशंक आहेत. नाते धरले तर कोर्टाची ‘स्थगिती’ प्रोटेक्टची लांबची नातलग ठरते, आणि पाडकामाची नोटीस आलेल्या घरमालकाला ते पटवून द्यावे लागणार नाही. याच ‘स्थग्’पासून ‘स्थग’, म्हणजे लबाड, आणि त्यातून आपला ठग आणि ‘ठकास महाठक’मधला ठक, अशी व्युत्पत्ती सांगतात. झाकणारा तो राखणारा, तसा झाकणारा तो फसवणारा. वाटेवरचे ठग प्रवाशांशी सलगी करायचे, रस्ता धोक्याचा आहे, सोबतीने जाऊ म्हणायचे आणि संधी साधून रुमालाने गळा आवळायचे. आधी प्रोटेक्शन, मग ठगी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हा ठग ‘थग’ म्हणून आपल्या कोशात नेऊन बसवला, प्रोटेक्टपासून काही पाने पुढे. दोघांची गाठ आजही पडते. दुकानदाराला ‘धक्का लागू देणार नाही’ असे सांगून गुंड जे पैसे उकळतात त्याला इंग्रजीत ‘प्रोटेक्शन मनी’ म्हणतात. मुंबईत त्याला नुसता हप्ता म्हटले तरी पुरते.