हेडसेट गेला? आधी हे करून बघा!

गाणी एकदम कडक वाजतायत, पण ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू झाला की समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा! 'गेला हेडसेट' म्हणत लगेच नवा मागवू नका. हा बिघाड नाहीच, ब्लूटूथची ती पद्धतच आहे.

आवाज डब्यातला
गाणं फक्त फोनकडून कानाकडे येतं. माइक सुरू झाला की आवाज दोन्ही बाजूंनी न्यावा लागतो, म्हणून ब्लूटूथ कॉल मोडवर जातं. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. कॉल मोडमध्ये बऱ्याचदा ८ किंवा १६ हजारच. लॅपटॉपवर असाल तर सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट ठेवा आणि माइक लॅपटॉपचा निवडा. फरक लगेच जाणवेल.

आवाज तुटतोय
ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि हॉस्टेलमधले बरेच वायफायही तिथेच गर्दी करतात. त्यात आपल्या शरीरातलं पाणी हे सिग्नल शोषून घेतं. त्यामुळे फोन जीन्सच्या मागच्या खिशातून काढून समोर ठेवा. जमलं तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

एकाच कानाला ऐकू येतंय
फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स मधोमध आहे का, ते पाहा. मग इअरबडची जाळी तपासा. तिथे कानातला मळ साचतो. कोरड्या, मऊ ब्रशनं हलकेच साफ करा. पाणी नको, टाचणी तर नकोच.

कनेक्टेड, पण आवाजच नाही
अँड्रॉइडवर त्या हेडसेटच्या सेटिंगमध्ये मीडिया ऑडिओ बंद पडलाय का, ते बघा. कधी कधी हेडसेट शेजारच्या लॅपटॉपला जोडला गेलेला असतो. तरीही जमेना? 'फर्गेट' करून नव्यानं पेअर करा.

शेवटची परीक्षा
हेडसेट मित्राच्या फोनला जोडून बघा. तिथे नीट वाजला, तर गडबड तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये. तिथेही रडला, तर दोष हेडसेटचा. मग बिल शोधा आणि वॉरंटी तपासा.

आणि हो, इंटरव्ह्यूच्या अर्धा तास आधी मैत्रिणीला एक टेस्ट कॉल कराच. वायरवाला इअरफोनही बॅगेत असू द्या. त्याला ना पेअरिंग लागतं, ना चार्जिंग!