मांजराचे ताट आणि उंदराचा ताळेबंद

आमच्या लहानपणी वाड्यातल्या मांजराला सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी घालण्याचा शिरस्ता होता, आणि एवढ्यावर ते कसे तुकतुकीत राहते, याचे सारे श्रेय घरची मंडळी दुधाला व पोळीला देत असत. वस्तुतः धान्याच्या कोठीमागे, सगळी निजानीज झाल्यावर, त्या मांजराचे खरे भोजन पार पडत असे. आज तेच मांजर पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेत, जन्मात उंदीर न पाहता, राहू लागले आहे आणि त्याच्या पोषणाचा संपूर्ण मक्ता मनुष्याकडे आला आहे. कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या दाण्यांविषयी मन साशंक झाल्यामुळे अलीकडे पुष्कळ मंडळी मांजराला घरीच सिद्ध केलेले कच्चे मांस देऊ लागली आहेत. त्यामागची माया खरी आहे. परंतु कच्चे मांस दिले की मांजराला त्याचा नैसर्गिक आहार मिळाला, ही समजूत अपुरी आहे, आणि तिचे परिणाम त्या मुक्या जीवाला भोगावे लागतात, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

मांजर मांसाहारी आहे ते आवडीने नव्हे, शरीररचनेने. गाजरातील केशरी द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व घडवू शकते, मांजराचे शरीर ते घडवू शकत नाही, त्याला ते प्राण्याच्या यकृतातून आयतेच मिळावे लागते. उन्हात बसून आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, मांजर दिवसभर उन्हात लोळले तरी त्याची गरज त्याने भागत नाही. आणि टॉरिन नावाचे जे द्रव्य आपले शरीर स्वतःच्या बळावर पुरेसे निर्माण करते, त्याबाबतीत मांजर जवळजवळ सर्वस्वी अन्नावर अवलंबून असते. टॉरिनच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजून त्याला अंधत्व येते, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले. आणि १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी असे सिद्ध केले, की हृदयाचे स्नायू दुबळे होऊन ज्या व्याधीने मांजरे दगावत, तिचे मूळही पुष्कळदा याच उणिवेत असते आणि वेळीच टॉरिन दिल्यास हृदय पूर्ववत होऊ शकते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की आजारी पडलेली ही मांजरे नामांकित कारखान्यांचेच अन्न खात होती. त्या शोधानंतर कारखान्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि ही व्याधी विरळ झाली. तेव्हा तयार अन्नाविषयी शंका घेणाऱ्यांना अगदीच वेड्यात काढता येत नाही.

कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते फ्रान्सिस पॉटेंजर या अमेरिकन डॉक्टरांचा दाखला नेहमी देतात. १९३२ ते १९४२ या काळात त्यांनी कॅलिफोर्नियात सुमारे ९०० मांजरांवर प्रयोग केले, आणि शिजवलेल्या मांसावर ठेवलेली मांजरे पिढी दर पिढी रोगट होत गेली, तर कच्च्या मांसावरची सुदृढ राहिली, असा निष्कर्ष काढला. परंतु त्या काळी मांजराची टॉरिनची निकड कोणालाच ठाऊक नव्हती. शिजवताना टॉरिन मांसातून पाण्यात उतरते, आणि ते पाणी टाकून दिले की त्यासोबत तेही जाते. मग प्रयोगात दोष उष्णतेचा होता की त्या उणिवेचा, याची शहानिशा त्या प्रयोगावरून होत नाही.

माझ्या मते या सर्व प्रकरणाचा न्यायनिवाडा करायचा तर उंदराकडेच जावे लागते. मांजर उंदीर खाते तेव्हा ते केवळ त्याचा स्नायू खात नाही. हाडांतून चुना, यकृतातून अ जीवनसत्त्व, हृदयातून टॉरिन, रक्तातून लोह आणि क्षार, आणि या सर्वांसोबत भरपूर पाणी, असा संपूर्ण जमाखर्च त्या एका इवल्या देहात जुळलेला असतो. खाटकाकडून आणलेल्या बिनहाडांच्या मांसात हा ताळेबंद मोडतो. त्यात स्फुरद कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट असते, आणि मांजराला तर दोन्ही जवळपास समप्रमाणात, किंबहुना कॅल्शियम किंचित अधिकच, लागते. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांवर हात टाकते. निव्वळ मांसावर वाढवलेल्या पिलांची हाडे अशी पोकळ होतात, की पलंगावरून उडी मारण्याचे निमित्त होऊन पाय मोडतो. मालकाने तर उत्तमात उत्तम मांस आणून घातलेले असते!

म्हणून घरी आहार सिद्ध करायचा तर तो मोजून-मापून करावा. किलोभर कोंबडीच्या मांडीच्या मांसाला अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड चमचाभर, म्हणजे पाच-सहा ग्रॅम, घातली तर सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. कलेजी ५० ग्रॅमच्या आसपास पुरे, कारण अ जीवनसत्त्व जसे अत्यावश्यक तसेच त्याचे आधिक्य घातक असून, रोज कलेजीवर पोसलेल्या मांजराच्या मानेचे मणके कालांतराने एकमेकांना जखडतात. शिवाय कोंबडीचे हृदय, एक ते दोन ग्रॅम टॉरिनची पूड, आणि ब व ई जीवनसत्त्वे, जस्त, आयोडीन यांची वेगळी तजवीज. ही केवळ रूपरेषा आहे, परिपूर्ण कृती नव्हे. अमेरिकेत मांजरांसाठी प्रसिद्ध झालेल्या घरगुती कृतींची २०१९ साली तपासणी झाली, तेव्हा ११४ पैकी एकही कृती सर्व आवश्यक पोषकद्रव्ये पुरवणारी आढळली नाही. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, हे आपल्या स्वयंपाकघरात विसरून चालणार नाही. आणि शिजलेले हाड कधीही देऊ नये, त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. कोकणातल्या वाचकांना एक विनंती अशी, की कच्च्या मासळीवरच मांजराला पोसू नये. कित्येक जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. त्याच्या अभावी मांजराची मान खाली वळते आणि झटके येतात. मासळी शिजवली, की ते द्रव्य नष्ट होते.

जंतूंचा प्रश्न याहून गंभीर आहे. कच्च्या कोंबडीतले साल्मोनेलासारखे जंतू मांजराच्या पोटातून घरात पसरतात, आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी तर गर्भवती स्त्रीच्या गर्भाला अपाय करू शकतो. मांस शून्याखाली वीस अंशांवर काही दिवस गोठवल्याने हा परजीवी मरतो, परंतु साल्मोनेला किंवा बर्ड फ्लूचा विषाणू त्याने मरत नाही. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, आणि त्याच महिन्यात अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात दूषित कच्चे टर्की-मांस खाऊन एक घरमांजर दगावले. हे ध्यानी घेता, ज्या घरात गर्भवती स्त्री, तान्हे मूल, वृद्ध किंवा दुर्बल माणूस आहे, त्या घराने कच्च्या मांसाच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच आहार मंद आचेवर शिजवून, त्यातले पाणी न टाकता, निवल्यावर त्यात टॉरिन व जीवनसत्त्वे मिसळून दिला, तर मांजराचे काही नुकसान होत नाही. टरफलाच्या पुडीचे कॅल्शियम शिजवल्याने कमी होत नाही.

ज्यांना हा मार्ग धरायचाच आहे, त्यांनी मांस आणण्यापूर्वी आपली कृती पशुवैद्याकडून तपासून घ्यावी, वाढत्या पिलावर प्रयोग करू नयेत आणि जुन्या अन्नात नवे अन्न थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांनी पालट पुरा करावा. मांजराने नव्या ताटाला तोंड लावले नाही, तर भूक लागेल तेव्हा खाईल, असे म्हणून त्याला उपाशी मात्र ठेवू नये. विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात अवघ्या काही दिवसांच्या उपवासाने चरबी साचते आणि ते त्याच्या जिवावर बेतते.